जुन्या सीबी रेडिओंसाठी घेतलेला ईएसआर मीटर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

सीबी (सिटिझन्स बँड) म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सामान्य माणसांनी आपसात बोलायचे रेडिओ. ते दुरुस्त करायला मी ईएसआर मीटर घेतला, तो कंडेन्सरचा आतला रोध (ईएसआर) मोजतो. त्याच्या काळ्या प्रोबची, म्हणजे मोजताना टेकवायच्या टोकाची, वायर गेल्या महिन्यात प्लगच्या तोंडाशी तुटली. ज्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला होता त्याला फोन केला, तर उत्तर मिळालं, "सर, प्रोब एक्सेसरी में आता है, उस पर वारंटी नहीं है. मीटर चल रहा है ना?" प्रोब नसेल तर मीटर कशावर लावायचा, हे मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच वाक्य ऐकलं. तीन हजारांच्या आतली का होईना, वस्तू मी पूर्ण पैसे मोजून घेतली होती, आणि तिच्यातला सगळ्यात हलका भाग नेमका वॉरंटीच्या बाहेर ठेवलेला. तेव्हा प्रोबबद्दल आधी लिहितो, बाकीचं मागाहून.

१०० किलोहर्ट्झवर मोजतो, कंडेन्सर बोर्डावरून न काढता मोजतो, बॅटरीवर चालतो, हे सगळं घेणाऱ्यांना माहीत असतं. जाहिरातीत जे कुठेच नसतं ते हे की दोन वायरी आणि प्लग मिळून स्वतःचाच दोन-तीन दशांश ओहम रोध घालतात. टोकं एकमेकांना लावून शून्य करायची सोय आहे, मान्य. पण प्लग सॉकेटात सैल बसतो. शून्य केल्यावर वायर जरा हलली की आकडा परत वर. आता २२०० मायक्रोफॅरडचा चांगला फिल्टर कंडेन्सर ०.१ ओहमच्याही खाली दाखवायला हवा. म्हणजे मोजायचंय त्यापेक्षा चूक मोठी! थंडीचे सगळे महिने मी एका हाताने दोन्ही प्रोब धरून दुसऱ्या हाताने प्लग दाबत होतो. ज्याने हा मीटर बनवला त्याने स्वतः त्यावर एक तरी संध्याकाळ काम केलं असतं तर हे सॉकेट त्याने पास केलं नसतं.

तरीही मीटर परत केला नाही, त्याचं कारण पहिलाच रेडिओ. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांचे मेहुणे कधीकाळी अमेरिकेतून येताना कोब्रा २९ हा सीबी सेट घेऊन आले होते. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला. चालू व्हायचा, आकडे लागायचे, पण आवाज घशातल्या घशात. मल्टिमीटरवर कंडेन्सरचे मायक्रोफॅरड जवळपास बरोबर येत होते, आणि वरून एकही फुगलेला नव्हता. ईएसआर मीटर लावला तर स्पीकरकडे जाणारा मोठा कंडेन्सर चार ओहमच्या वर. आठ ओहमच्या स्पीकरला असा कंडेन्सर सिरीजमध्ये बसला की आवाजाची ताकद त्याच्यातच जिरते. इथल्या महाराणी रोडच्या बाजारातून १०५ डिग्री तापमान सोसणारा नवीन आणला, डाग दिला, आणि रेडिओ मोकळ्या आवाजात खरखरायला लागला. तो आनंद शब्दांत सांगता येत नाही. काका तिथेच उभे होते.

बोर्डावरच मोजण्याचं महत्त्व ज्याने जुना बोर्ड डाग द्यायला गरम केलाय त्यालाच कळेल. त्या काळच्या फिनॉलिक बोर्डांवरचा तांब्याचा ट्रॅक दुसऱ्यांदा गरम केला की उचकटतो. नीट असलेले कंडेन्सर नुसते तपासायला काढायचे म्हणजे रेडिओवर नवे आजार लादायचे. मीटरचं टेस्ट व्होल्टेज इतकं कमी असतं की आसपासचे डायोड-ट्रान्झिस्टर जागेच होत नाहीत, म्हणून मध्ये लुडबुड करत नाहीत. फक्त दोन कंडेन्सर पॅरललमध्ये असतील तर चांगला वाईटाला झाकून घेतो. तिथे एक पाय सोडवावाच लागतो.

मीटरवर छापलेला तक्ता मात्र डोळे झाकून मानू नका. एक-दोन मायक्रोफॅरडचे छोटे कंडेन्सर नवे असतानाही काही ओहम दाखवतात. मी दुकानातून नवा आणला की आधी तो मोजतो, मग बोर्डावरचा, आणि दोघांतला फरक बघतो.

जानेवारीत सकाळी मोजून "संशयास्पद" म्हणून टिपून ठेवलेले काही कंडेन्सर मी मे महिन्याच्या दुपारी पुन्हा मोजले, तेव्हा आकडे चक्क सुधारलेले. आधी मीटरच बिघडला असं वाटलं. पण कारण कंडेन्सरच्या पोटात आहे. आतलं इलेक्ट्रोलाइट गार असलं की रोध वाढतो, तापलं की उतरतो. इंदूरची थंडी आणि इंदूरचा मे यांत एवढं अंतर आहे की काठावरचा कंडेन्सर ऋतूप्रमाणे पास-नापास होतो. म्हणून आता मी तपासणी सकाळी, रेडिओ चालू करण्याआधी करतो. "थोडा वेळ चालू ठेवला की बरा वाजतो" अशी तक्रार असलेल्या सेटमध्ये तर हेच पहिलं बघावं.

आता मत बदलल्याचं सांगतो. वायर तुटल्यावर मी नवे प्रोब घरीच केले: सिलिकॉनची जाड वायर, टोकाला शिवणाच्या सुया, आणि घट्ट बसणारे पितळी प्लग. सगळं मिळून दीडशे रुपयांतही नाही. ते लावले आणि एक ओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर मोजला. आकडा स्थिर! वायर हलवा, ओढा, तसाच. म्हणजे आतलं सर्किट पहिल्यापासून चांगलंच होतं. मीटरला मी चार स्टार देतो. प्रोबला एकही नाही, आणि विक्रेत्याच्या सर्व्हिसला त्याहून कमी देण्याची सोय असती तर तेही दिलं असतं.

हा मीटर कशासाठी नाही, तेही लक्षात असू द्या. शॉर्ट झालेला कंडेन्सर शून्य ओहम दाखवतो, म्हणजे मीटरच्या हिशेबाने उत्तम! लीकेज, म्हणजे कंडेन्सरमधून गळणारा करंट, तोही कळत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मल्टिमीटर घ्या आणि सप्लायवर आडवा लावलेला डायोड बघा. कुणीतरी कधीतरी प्लस-मायनस उलटं जोडलेलं असतं आणि तो डायोड रेडिओला वाचवून स्वतः गेलेला असतो. रेडिओ मुळीच ऐकू येत नसेल तर झाकण उघडण्याआधी माईक बदलून पाहा. कोब्रासारख्या कित्येक सेटमध्ये ऐकण्याची लाईनसुद्धा माईकच्या बटणातून जाते. माईकची दोरी आतून तुटली, किंवा माईक लावलाच नाही, की स्पीकर मुका. फ्रिक्वेन्सी सरकली असेल तर ती ठरवणारा १०.२४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याच्याजवळचा ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कंडेन्सर) बघा. आउटपुट मेला असेल तर अँटेनाला ताकद देणारा फायनल ट्रान्झिस्टर, आणि तिथे सावध राहा: अशा सेटमधला २एससी१९६९ मित्सुबिशीने केव्हाच बंद केलाय, बाजारात त्याच नावाचे नकली भरपूर आहेत.

उघडलेला सेट तपासताना मी अँटेना लावत नाही. एक किलोओहमचे वीस कार्बन रेझिस्टर पॅरललमध्ये जोडले की ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा नकली भार) होतो, चार वॅटच्या एएम कॅरिअरला तो पुरतो. आपल्याकडे भारतात २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत, लायसन्सविना आहे. अमेरिकन सेटचे चाळीस चॅनेल २७.४०५ पर्यंत जातात, आपल्या हद्दीत त्यांतले पहिले सत्तावीसच. बसतात तेवढेच वापरावेत.

आणि रेडिओच्या १३.८ व्होल्टच्या सप्लायची दुरुस्ती करत असाल तर मुख्य कंडेन्सर आधी रेझिस्टर लावून रिकामा करा. २३० व्होल्टच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग सप्लायमध्ये) तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो. प्रोब टेकवला की मीटर गेला, आणि ते वॉरंटीत येईल अशी आशा ठेवू नका.

सध्या टेबलावर तेवीस चॅनेलचा, म्हणजे १९७७ च्या आधीचा सेट आहे. त्यात पीएलएल, म्हणजे एकाच क्रिस्टलवरून सगळे चॅनेल बनवणारं सर्किट, नाही, चौदा क्रिस्टल आहेत: सहा आणि चारच्या जोड्या लावून चॅनेल बनतात, उरलेले चार दुसऱ्या कामाला. याचे पाच ते आठ चॅनेल गप्प आहेत, बाकी सगळे बोलतात. लागोपाठ चार गेले म्हणजे सहांतला एक क्रिस्टल गेलाय. दर चौथा गेला असता तर दोष चारांच्या गटात शोधला असता. कंडेन्सर सगळे मोजून झाले, सुयांच्या प्रोबने, ठणठणीत आहेत. महाराणी रोडवर क्रिस्टल मिळाला नाही. महूकडे किंवा इंदुरात कुणाकडे असा मोडका तेवीस चॅनेल सेट पडून असेल तर कमेंटमध्ये सांगा, योग्य ते पैसे देऊन घेईन.