खिशातलं गायगर यंत्र: खताच्या दुकानदाराचा अभिप्राय

किरणोत्सर्ग मोजणारं छोटं यंत्र. पाच हजार आठशे रुपये, ऑनलाइन, घरपोच. पाचपैकी साडेतीन तारे. यंत्र आपलं काम नीट करतं. कापलेला दीड तारा बहुतेक विकणाऱ्याच्या जाहिरातीचा आहे, ते पुढे येईलच.

माझं वणी तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, मग वडिलांच्या मागे दुकानात बसलो. हे यंत्र काही धंद्यासाठी मागवलं नव्हतं. आमच्या मोठ्या आईचा नातू गुजरातमधल्या काकरापारच्या अणुवीज केंद्रात ट्रेनी म्हणून लागला. पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात कोणीतरी मोठ्या आईला मोबाइलवर चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघाताचा व्हिडिओ दाखवला. ती तडक दुकानात आली. "बाबू, तू शिकेल हायस. पोराले तिथं धाडू का नोको, तूच सांग." चौकात तोवर दोन पक्ष पडलेच होते. एक म्हणे, सरकारनं बांधलं म्हणजे शंभर टक्के सुरक्षित. दुसरा म्हणे, तिथली पोरं चाळिशीतच आटोपतात. किती किरण, कुठे, किती वेळ, हे दोघांपैकी कोणी विचारत नव्हतं. मला वाटलं, निदान मोजणारी एक वस्तू तरी गावात असावी.

आता वस्तूबद्दल. यंत्र बटणांच्या जुन्या मोबाइलएवढं, पिवळं-काळं. आत बोटापेक्षा बारीक काचेची नळी, तिच्यात विरळ वायू आणि शेकडो व्होल्टचा दाब. किरणोत्सर्गातला बीटा कण किंवा गॅमा किरण आत शिरला की वायूत क्षणभर वीज वाहते आणि 'टक्' वाजतं. अल्फा कण काच ओलांडू शकत नाहीत, म्हणून ते या यंत्राला दिसतच नाहीत. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडा पडताळून पाहिल्याचं, प्रमाणपत्रही नाही. बॅटरी चांगली टिकते. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पडदा काळपट पडायचा, सावलीत आणला की पुन्हा दिसायचा. वणीच्या उन्हात माणसाचीही तीच गत होते, त्यासाठी मी तारा कापलेला नाही.

माझ्या दुकानात काहीही जवळ न ठेवता मिनिटाला पंचवीसच्या आसपास टकटक होते, पडद्यावर तासाला ०.१६ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे अंगाला बसणाऱ्या किरणांचं माप, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). ही पार्श्वभूमी. ती जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून येते आणि सगळीकडे असते. एका मिनिटाच्या आकड्यावर मात्र अजिबात विसंबू नका. पंचवीस टक् म्हणजे खरं तर पंचवीस, पाच इकडे किंवा तिकडे. पुढच्या मिनिटाला एकोणीस येतील, नंतर एकतीस, आणि त्यात काहीच बदललेलं नसेल. दहा मिनिटं ठेवून सरासरी काढली की आकडा बराच स्थिर होतो. ज्याला एवढा धीर नाही त्याने हे यंत्र घेऊ नये, कारण एकतीस दिसले की तो व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळा होईल.

आमच्याकडे तसंच झालं. सहज म्हणून यंत्र लाल पोटॅशच्या थप्पीवर ठेवलं. टकटक दुपटीच्याही वर गेली आणि मधेच ०.५ ओलांडून भोंगा वाजला. कारखान्यातून तो ०.५ वरच लावलेला येतो. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी: याच्या दुकानातलं खत अणूचं हाये. दोघा-तिघांनी पोटॅश घ्यायचं थांबवलं. एक काकाजी तर बांधावर टाकलेलं पोतं परत घेऊन आले. "हे तुझं तुलेच ठेव बाप्पा."

मग मला शिकवणी घ्यावी लागली. निसर्गातल्या प्रत्येक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० नावाचा किरणोत्सर्गी भाऊबंद असतो, दहा हजारात साधारण एक अणू. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून तो आहे, आणि सव्वाशे कोटी वर्षांत निम्माच होतो. पन्नास किलोच्या पोत्यात दर सेकंदाला आठ लाखांच्या आसपास अणू फुटतात. आठ लाख ऐकून काकाजींचे डोळे विस्फारले. म्हणून लगेच पुढचंही सांगितलं: तुमच्या स्वतःच्या अंगात पोटॅशियम आहे, त्यातले चारेक हजार अणू दर सेकंदाला फुटतात, आत्ता, इथे बसल्या बसल्या. काकाजी म्हणाले, "मंग मले कावून नाही वाजवत तुझं यंत्र?" प्रश्न एकदम बरोबर. अंगातले बहुतेक बीटा कण अंगातच अडतात, आणि उरलेलं पार्श्वभूमीत बुडून जातं. शिवाय पोत्यावर दिसणारा मायक्रोसिव्हर्टचा आकडाही फुगलेला असतो, कारण यंत्र प्रत्येक टक् गॅमा किरणाचीच धरून हिशोब करतं आणि पोत्यातून येतात ते बरेचसे बीटा. युरियाच्या थप्पीवर काहीच वाढ नाही. तो प्रयोग सगळ्यांसमोर केला तेव्हा लोक जरा निवले. काकाजी पोतं घेऊन गेले, पण भाव कमी करूनच.

दुसरी मजा गॅसबत्तीच्या जाळीची. वरातीत डोक्यावर न्यायच्या त्या गॅसबत्त्या. आमच्या माळ्यावर जुन्या जाळ्यांचं पाकीट सापडलं. त्या काळी त्यात थोरियम घालत, प्रकाश पांढराशुभ्र पडावा म्हणून. यंत्र जवळ नेलं तर टकटक मोजता येईना, भोंगा थांबेना. याच थोरियमवर, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या, आपल्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा बेतलेला आहे. पाकीट आता बंद पिशवीत आहे. तिची भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही, बाकी घाबरण्याचं कारण नाही. औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटाही तपासल्या. कोळशात युरेनियम आणि थोरियम अगदी थोडं असतं, जळून राख उरली की त्यात त्याचं प्रमाण वाढतं. पण या यंत्राला वीट आणि शेतातली माती यांत फरक दिसला नाही. राखेचा खरा त्रास छातीला होतो, आणि तो मोजायचं यंत्र वेगळं.

आता त्या दीड ताऱ्याबद्दल. जाहिरातीत लिहिलंय: मोबाइल, टॉवर, मायक्रोवेव्ह, अणुभट्टी, सगळ्या किरणांपासून कुटुंबाचं रक्षण. गावात टॉवरवरून आधीच भांडण होतं. पोरं यंत्र टॉवरखाली घेऊन गेली, आकडा जिथल्या तिथे. टॉवरच्या बाजूचे म्हणाले, झालं सिद्ध. अरे, काय सिद्ध झालं? टॉवरच्या लहरी अणूमधून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत, आणि ही नळी फक्त तेवढंच टिपते. टॉवर चांगला की वाईट, यावर या यंत्राला बोलायचा अधिकारच नाही. हे ग्रामसभेत सांगितलं तेव्हा दोन्ही बाजू माझ्यावर नाराज झाल्या.

अणुभट्टीचंही तेच. यंत्र आलं म्हणून मोठी आई परत आली. "मंग सांगते का हे, पोरगा तिथं बरा राहीन का?" नाही सांगत. किरणं बाहेर आली तर ती आली एवढंच हे सांगेल. येऊ नयेत म्हणून काय केलंय, ते पडद्यावर दिसत नाही. तिला सगळ्यात आधी वाटत होतं की भट्टी फुटली म्हणजे बॉम्ब. तसं होत नाही. काकरापारच्या भट्ट्यांत साधं नैसर्गिक युरेनियम असतं, त्यात फुटणारं युरेनियम-२३५ शंभरात एकाहूनही कमी; बॉम्बला ते कितीतरी जास्त लागतं. मग तिने विचारलं ते मात्र चौकातल्या कोणालाच सुचलं नव्हतं: "बटन दाबून बंद केली का झालं ना?"

मेख इथेच आहे. बंद केल्यावर अणू फोडण्याची साखळी काही सेकंदांत थांबते, पण फुटलेले तुकडे तापतच राहतात. काकरापारच्या ७०० मेगावॅट विजेच्या भट्टीत २,१०० मेगावॅटहून जास्त उष्णता तयार होते. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे सव्वाशे-दीडशे मेगावॅट. एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेवढा वेळ, आणि पुढे कितीतरी महिने, पाणी फिरत राहिलंच पाहिजे. शेतात डीपी जळाली तरी मिरचीला पाणी थांबू नये म्हणून आपण डिझेल इंजिन ठेवतो, तसं तिथे जनरेटर असतात. ११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग चौदा-पंधरा मीटर उंच लाट आली, बाहेरची वीज आधीच गेलेली, आणि खाली ठेवलेले जनरेटर बुडाले. पाणी थांबलं. तिथून पुढचं सगळं जगाने पाहिलं.

आपल्याकडचं नरोरा अणुवीज केंद्रातलं प्रकरण कोणाला ठाऊकच नाही. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेश. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि केंद्राची वीज पूर्ण गेली, सतरा तास. तिथल्या माणसांनी आग विझवायचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं. काही जण अंधारात बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टीत बोरॉन सोडलं, साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. तरी ती अणुकेंद्रांतल्या घटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिसऱ्या पातळीची घटना ठरली. मोठी आई म्हणाली, "म्हंजे मशीननं नाही, पोरायनं वाचवलं." दोन्ही म्हणता येईल: गरम पाणी वर, थंड खाली, या नैसर्गिक फिरण्यानेही हात दिला. ७०० मेगावॅटच्या नव्या भट्ट्यांत तर वीज नसताना वाफ थंड होऊन पाणी आपोआप परत येईल अशी वेगळी सोयच आहे.

नातवाला छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरण बसले ते नोंदवणारा बिल्ला, लावावा लागतो, आणि कामगारांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (एक मिलि म्हणजे हजार मायक्रो) आहे, हेही तिला सांगितलं. ती मर्यादा पाळली जाते का हे पाहणारी संस्था, अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ साली स्थापन झाली. २०१२ साली कॅगने, म्हणजे सरकारी कारभाराचं ऑडिट करणाऱ्या संस्थेने, अहवालात लिहिलं की मंडळाला स्वतंत्र कायदेशीर अधिकार नाहीत. त्याच अहवालात होतं की देशातल्या दहापैकी नऊ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांची मंडळाकडे नोंदच नाही. आमच्या चौकातल्या दोन्ही पक्षांना ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि दोन्ही पक्षांचे लोक तालुक्याला जाऊन एक्स-रे काढून आलेले होते. पोरगा काकरापारला गेला. दर रविवारी फोनवर मोठी आई त्याला विचारते, जनरेटर कुठल्या माळ्यावर हाये. तो वैतागतो. मला तो प्रश्न बरोबर वाटतो.

घ्यावं कोणी? शाळेने जरूर, फिजिक्सच्या शिक्षकासह. भंगारवाल्याने सगळ्यात आधी. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चं जुनं यंत्र भंगारात तोडलं गेलं आणि एक माणूस मेला. माझ्यासारखं गायगर यंत्र जवळ असतं तर ते दुरूनच किंचाळलं असतं. अणुभट्टी सुरक्षित आहे का, हे विचारायला घेऊ नये. आणि खतवाल्याने घेतलंच तर सीझनच्या तोंडावर पोटॅशजवळ नेऊ नये.

भोंग्याची मर्यादा मेनूतून १ वर करून घ्या, नाहीतर रोज दचकाल. सोबतची चार्जिंगची वायर तकलादू आहे, वणीत शंभर रुपयांत चांगली मिळते.