तिकीट नंबर नाही तर तक्रार नाही : सिटी बसच्या ॲपचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या शहरातल्या बससेवेचं तक्रार ॲप मी उन्हाळ्यापासून वापरतेय. लॉगिन, ओटीपी वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझा राग एका रकान्यावर आहे : 'तिकीट क्रमांक', आणि शेजारी लाल चांदणी. म्हणजे भरायलाच हवा.

सासऱ्यांचा ज्येष्ठ नागरिकांचा पास आहे. दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर संध्याकाळी हात दाखवूनही गाड्या थांबत नाहीत, रस्त्याच्या मधूनच निघून जातात. जी गाडी थांबलीच नाही तिचं तिकीट आणायचं कुठून? पासवाल्यांना तर आत चढल्यावरही तिकीट मिळत नाही. रकाना रिकामा ठेवला की 'पुढे' हे बटण चालत नाही. 'गाडी थांबली नाही' असा पर्याय यादीत आहे, पण ती तक्रार ज्याची आहे त्यालाच ती नोंदवता येत नाही. हा फॉर्म ज्यांनी मंजूर केला ते कधी स्टॉपवर ताटकळलेले नसावेत.

ज्यांच्याकडे तिकीट असतं त्यांचंही सुखात नाही. मशीनचं तिकीट पाकिटात राहिलं की चार-सहा दिवसांत फिकं पडतं आणि नेमके नंबराचे आकडे वाचता येत नाहीत. हेल्पलाइनला फोन केला तर 'मॅडम, ॲपवरच टाका'. शेवटी माझ्या सकाळच्या तिकिटाचा नंबर टाकला, खाली खरी हकिगत लिहिली. मेसेज आला : तपशील जुळत नाही, तक्रार निकाली.

तेव्हाच लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते. पण नंतर डेपोत गेले आणि तक्रार वही मागितली. गाडीचा नंबर, मार्ग, दिशा, वेळ आणि स्टॉप एवढंच लिहिलं. तिथल्या कंट्रोलरनी समोरच ड्यूटीचा तक्ता काढला, बोट फिरवत त्या फेरीच्या ओळीवर आले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी नंबर आणि वेळ पुरते, ड्रायव्हर-कंडक्टर कोण होते ते आम्ही काढतो." तिकीट नंबर त्यांनी विचारलाही नाही! मग ॲपमध्ये तो सक्तीचा कशासाठी?

वहीतल्या नोंदीनंतर थोडे दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, हातोहात देऊन पोच घेतली, पोस्टाचा खर्च वाचला. दोनच गोष्टी मागितल्या : माझ्या तक्रारीवर झालेल्या कारवाईची प्रत, आणि त्या वेळेची त्या गाडीची जीपीएस नोंद. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या प्रवासी बसला ट्रॅकिंग यंत्र बंधनकारक आहे, त्यामुळे ही नोंद मागायलाच हवी. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मला मुदतीत मिळालं. त्या स्टॉपवर गाडीचा वेग शून्यावर आलाच नव्हता, हे त्यांच्याच कागदावर दिसलं. त्यानंतर तिथे तपासनीस उभे राहू लागले आणि आता बहुतेक गाड्या थांबतात. सासरे एकटे जाऊन येतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

पैशांची तक्रार असेल तर वाट वेगळी. यूपीआयने पैसे कापले गेले आणि ते बससेवेपर्यंत पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. आधी बँकेला धरा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच.

ॲपला पाचपैकी एक, डेपोतल्या वहीला चार. ॲप सुधारेपर्यंत स्टॉपवर असताना गाडीच्या मागचा नंबर मोबाइलवर टिपून घ्या, वेळ आपोआप नोंदली जाते. तिकीट क्रमांकाचा रकाना ऐच्छिक करा, असं पत्र मी मुख्य कार्यालयात दिलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.