ब्रोकनची वाफेची गाडी : चढताना बसा, उतरताना चाला

उत्तर जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगेचं सर्वात उंच शिखर म्हणजे ब्रोकन. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ५०० मीटरने कमी. पण आकडा बघून नाक मुरडू नका. उत्तरेच्या सपाट मैदानातून येणाऱ्या वाऱ्याला आडवा येणारा पहिला मोठा डोंगर हाच. त्यामुळे ११०० मीटरच्या आसपासच झाडं संपतात आणि माथा बोडका राहतो. वर्षातले सुमारे ३०० दिवस तिथे धुकं असतं, आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये वाऱ्याचा वेग ताशी २६३ किलोमीटर नोंदला गेलाय. मुंबईहून जाताना भर जुलै असला तरी विंडचीटर आणि एक गरम थर सॅकमध्ये हवाच.

वर नेणारी गाडी वेर्निगेरोडेहून सुटते. बर्लिनहून माग्डेबुर्ग आणि हाल्बरश्टाटमार्गे तिथे पोचता येतं. मोठ्या रेल्वेच्या स्टेशनाला लागूनच हिचं स्टेशन आहे. रूळ मीटरगेज. इंजिन दहा चालकचाकांचं, १९५०च्या दशकात बाबेल्सबेर्गच्या कारखान्यात बनलेलं. सुरुवातीला २३४ मीटर, शेवटच्या स्टेशनावर ११२५ मीटर. हा सगळा चढ दातेरी रुळाशिवाय, जास्तीत जास्त ३० ला १ उताराने (३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर). नेरळ–माथेरानचा घाट २० ला १ आहे, म्हणजे आपली गाडी जास्त तिखट चढते. (तिची पहिली इंजिनंही जर्मनीतूनच, ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून आली होती.) ब्रोकनची गंमत शेवटच्या टप्प्यात आहे. शियर्के स्टेशन सोडल्यावर रूळ शिखराभोवती दीड वेढा घालून वर जातात. म्हणून डावी खिडकी की उजवी, यावर डोकं खपवू नका, दोन्हीकडून दिसतं. डब्यांच्या टोकाला उघडे सज्जे आहेत, तिथे उभं राहण्यातच खरी मजा. फक्त डोळ्यांवर चष्मा ठेवा, कोळशाची बारीक कणी डोळ्यात गेली की तासभर चुरचुरते. वाटेतल्या द्राय आन्नेन होने स्टेशनाला मोठा वाहनतळ आहे, गर्दी तिथे चढते. बसायची जागा हवी असेल तर वेर्निगेरोडेलाच चढा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. परतीचं तिकीट ५० युरोच्या वर जातं. कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात, आणि वादळात गाडी वरपर्यंत जात नाही. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघाच. गर्द हिरव्या जंगलाचे फोटो पाहून गेलात तर मात्र धक्का बसेल. उतारांवर मैलोनमैल राखाडी, सालं गळालेली खोडं उभी आहेत. खाणींना लाकूड हवं म्हणून इथे शतकानुशतकं नुसता स्प्रूस लावला. २०१८पासूनच्या दुष्काळात झाडांना पाणी कमी पडलं, साल पोखरणाऱ्या भुंग्याला थोपवणारा चीक त्यांच्याकडे उरला नाही, आणि एकाच जातीचं रान असल्याने ते भराभर पडलं. राष्ट्रीय उद्यानात मेलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवतात. त्यांच्या पायथ्याशी भूर्ज उगवतोय. वाईट वाटतं, पण बघायलाच हवं असं दृश्य आहे.

इंद्रवज्रासाठी, म्हणजे धुक्यातल्या गोल इंद्रधनुष्यासाठी जाणाऱ्यांनी नीट वाचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण जे बघतो, त्यात धुक्यावर पडणाऱ्या स्वतःच्या सावलीला जगभर ब्रोकनचंच नाव आहे. सूर्य पाठीशी आणि खाली झुकलेला हवा, धुकं समोर आणि पायाखाली. उन्हाळ्यात दुपारच्या गाडीने गेलात तर सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाशीच पडते. एक तर शिखरावरच्या हॉटेलात मुक्काम करून पहाट गाठा, नाहीतर डिसेंबरात जा; तेव्हा भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो.

वर वाटाण्याचं दाट सूप मिळतं. सॉसेज नको म्हणून भागत नाही, मूळ रस्साच डुकराच्या मांसात शिजलेला असू शकतो; शाकाहारी असाल तर विचारून घ्या किंवा डबा न्या.

एकेरीच तिकीट काढून पैसे वाचवा आणि उतरताना चाला. शियर्केकडे दोन वाटा आहेत. डांबरी रस्ता लांब पण सोपा. एकरलोखची वाट छोटी, पण दगडाधोंड्यांची, ओल असली की शेवाळावरून बूट सटकतो. इल्झेनबुर्गची उतरण जवळजवळ ९०० मीटरची. तिकडे जाताना हिर्टेनश्टीगवर भोकं पाडलेल्या काँक्रीटच्या फरश्या लागतात. पूर्व जर्मनीच्या सीमागस्तीच्या गाड्यांसाठी त्या टाकल्या होत्या. त्यांच्यावर टाच नीट टेकत नाही, गुडघे बोलायला लागतात. काठ्या नसतील तर ती वाट टाळा. टोर्फहाउसची वाट ८ किलोमीटरची आणि सर्वात सुखाची. १० डिसेंबर १७७७ रोजी जर्मन कवी गटे तिथूनच वर गेला होता. पण ती पश्चिमेला उतरते, वेर्निगेरोडेला नाही. सामान तिकडे ठेवलं असेल तर शेवटच्या बसची वेळ आधी टिपून ठेवा.