अमेरिकन राज्यघटनेच्या स्पायरल नोट्स: मांडणी छान, पण पान 23 सांभाळून

अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी या नोट्स मिळतात. 64 पानं, 110 रुपये. झेरॉक्स स्वच्छ आहे, पण कागद इतका पातळ की खुणा पेन्सिलीनेच कराव्यात.

ही घटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फिया अधिवेशनाचा भाग (25 मे ते 17 सप्टेंबर 1787) उत्तम जमलाय. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सगळ्या राज्यांना सारख्या, ही 16 जुलैची तडजोड एका तुलनेत समजते: आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे 19, गोव्याचा 1, सिनेटच्या हिशेबाने दोघांनाही 2. एवढ्यावर निम्मे पैसे वसूल. मात्र पुढे '13 राज्यांच्या एकमताने' असं ठोकून दिलंय. प्रत्यक्षात दर राज्याला एक मत, त्यात 5 राज्यं विरुद्ध 4, आणि मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं समसमान फुटलेली. ऱ्होड आयलंड फिरकलंच नाही, न्यू हॅम्पशायर अजून पोचायचं होतं, न्यूयॉर्कचे मत देण्याइतके प्रतिनिधी उरले नव्हते.

पान 23 वर 'कृष्णवर्णीय म्हणजे तीन पंचमांश माणूस' असं छापलंय. घटनेतला नियम तसा नव्हता. मुक्त कृष्णवर्णीय पूर्ण मोजले जात; गुलामांच्या एकूण संख्येचे तीन पंचमांश धरत. 1 लाख गुलाम असतील तर जागावाटपात 60 हजार. गुलाम पूर्ण मोजा, हा हट्ट दक्षिणेतल्या मालकांचा होता, कारण मत गुलामांना नव्हतं आणि वाढीव जागा मालकांच्या राज्याला मिळत. ही बाजू उलटी लिहिली की अख्खं उत्तर कोसळतं. घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही, हे मात्र नोट्समध्ये नेमकं टिपलंय.

राष्ट्रीयत्वाचं प्रकरण सगळ्यात कच्चं. प्रस्तावनेतल्या 'आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक' या शब्दांवर तीन पानं नुसता भावनेचा पूर. आधीच्या मसुद्यात 13 राज्यांची नावं ओळीने होती, हे कुठेच नाही. घटना लागू व्हायला 9 राज्यांची मान्यता पुरे होती, आणि ती 9 कोणती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नावं लिहायची तरी कुणाची? शब्दरचना समितीने यादी गाळली आणि 'लोक' उरले. त्या लोकांत कोण मोडतं हे मोघमच राहिलं. नागरिकत्वाची व्याख्या 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने आली. नोट्समध्ये तिला एक ओळ आहे, निदान पानभर हवी होती.

हक्कांची सनद ठीक. घेण्याआधी दुकानातच पान 23 उघडून बघा. दुरुस्त प्रत नसेल तर जुनी 60-70 रुपयांत मागा.