मॅकशेनचा बायबल-वाचन तक्ता: कागद उत्तम, वापर जपून

एक कागद, 365 तारखा, प्रत्येक तारखेपुढे चार रकान्यांत चार अध्याय. बस्स, एवढाच ऐवज. रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) 1842 साली डंडी शहरातल्या आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी, हा तक्ता बनवला. पुढच्याच वर्षी ते वारले, वय अवघं 29. आज तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

वर्षभरात जुना करार (बायबलचा येशूपूर्वीचा भाग) एकदा, नवा करार (येशूपासूनचा भाग) आणि स्तोत्रसंहिता दोनदा होते. 1 जानेवारीला उत्पत्ति 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1 येतात. सृष्टी, येशूचा जन्म, यहुद्यांचं बंदिवासातून परतणं, मंडळीचा आरंभ: चार आरंभ एकाच दिवशी! पहिल्या पानापासून सरळ वाचत जाणारे बहुतेक लोक लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. इथे मार्चअखेर लेवीय लागतं तेव्हा शेजारच्या रकान्यात योहान संपून स्तोत्रं सुरू होत असतात, त्यामुळे दम टिकतो. तक्त्याची खरी करामत ही.

आता अडचण. चार अध्याय मोठ्याने वाचायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. सकाळी एका बैठकीत ते उरकले, तर चौथ्या अध्यायापर्यंत डोळे ओळींवर आणि मन दिवसाच्या कामांवर. प्रार्थनेला वेळ उरत नाही, तो तोटा वेगळाच. मुळात हा तक्ता असा उरकण्यासाठी नाहीच. दोन रकाने कुटुंबासाठी, दोन खाजगी वाचनासाठी आहेत. खाजगी दोन पहाटे घ्यावेत आणि लगेच प्रार्थनेला बसावं. कुटुंबाचे दोन संध्याकाळी. वाचून दाखवणाऱ्याने अध्याय आधी चाळून दोन-तीन वचनांवर खूण करावी आणि त्यावर साधे प्रश्न विचारावेत, ही सूचना स्वतः मॅकशेन यांचीच. मुलं असलेल्या घरात ती फार उपयोगी पडते. एकट्याने राहणाऱ्यांनीही सकाळ-संध्याकाळ अशीच विभागणी ठेवावी.

हाच तक्ता बायबल अ‍ॅपमध्येही मिळतो. प्रवासात ठीक, पण दिवसाच्या पहिल्या वाचनासाठी आम्ही तो सुचवणार नाही. वचन उघडायला फोन हातात घेतला की वर तीन मेसेज दिसतात आणि देवाचा नंबर चौथा लागतो. बहुतेकांचा फोन उशाशी असतो तो गजरामुळे. म्हणून आधी गजराचं साधं घड्याळ आणा, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. छापील बायबलमध्ये चार खुणा ठेवा, नाहीतर पानं शोधण्यातच वेळ जातो. अ‍ॅपच वापरायचं असेल तर आवृत्ती आधी डाउनलोड करा आणि वाचताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. सलग दिवस मोजणारा आकडा दिसत असेल तर तिकडे दुर्लक्ष करा.

खाडा होणारच. तीन दिवस चुकले की बारा अध्याय थकतात, आणि ती थकबाकी भरायच्या नादात लोक आठवड्याभरात तक्ताच सोडतात. सरळ आजच्या तारखेवर या. राहिलेलं पुढच्या वर्षी भेटेल. 29 फेब्रुवारीला वाचन नेमलेलं नाही, लीप वर्षात तो दिवस मोकळा. नुसता रिवाज होणं, स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व, बेफिकीर वाचन आणि न पेलणारं जू हे चार धोके मॅकशेन यांनी तक्त्यासोबतच सांगितले होते. आपल्याच वस्तूचे दोष इतके स्पष्ट लिहिणारा दुसरा निर्माता सापडणं कठीण.

बायबल प्रथमच वाचणाऱ्याला मात्र रोज चार अध्याय जड जातील. त्याने यंदा पहिले दोन रकाने घ्यावेत, पुढच्या वर्षी उरलेले दोन. छापताना अक्षर बारीक येतं. मोठं करून दोन पानांवर घ्या आणि बायबलच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा.