जेंटू: स्टेबल की टेस्टिंग?

जेंटू या लिनक्स वितरणात पॅकेजेस सहसा आपल्याच मशीनवर सोर्स कोडपासून कंपाइल होतात. तिथे कस्टमायझेशन म्हटलं की सगळे यूज फ्लॅगकडे, म्हणजे पॅकेजमध्ये कोणत्या सोयी हव्यात-नकोत हे ठरवणाऱ्या सेटिंगकडे, धावतात. पण सिस्टिम किती स्थिर राहणार, हे बरंचसं ठरतं कीवर्डवर: नुसतं एएमडी64 (64-बिट पीसीचं नाव), म्हणजे स्टेबल, की त्याच्या आधी टिल्डा (~) लावलेलं, म्हणजे टेस्टिंग.

स्टेबलमध्ये पॅकेज येतं ते साधारण 30 दिवस टेस्टिंगमध्ये गंभीर बगशिवाय काढल्यावर. अपडेट कमी, म्हणून कंपाइलचा वेळही कमी. यूज फ्लॅगची मोकळीक मात्र तेवढीच राहते, आणि नवख्यांना हेच आधी सांगायला हवं.

टेस्टिंगमध्ये नवी आवृत्ती लवकर मिळते. किंमत कळते ती परत फिरताना: ग्लिबसी (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती सी लायब्ररी) एकदा वरच्या आवृत्तीवर गेली की पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, ती खाली उतरवू देत नाही, कारण नव्या ग्लिबसीवर बांधलेले प्रोग्रॅम जुन्यावर चालतीलच असं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पाया स्टेबल ठेवा आणि हवं ते एखादंच पॅकेज, समजा मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी, पॅकेज.ॲक्सेप्ट_कीवर्ड्स या सेटिंगच्या फाइलमध्ये आवृत्तीसकट नोंदवा. आवृत्ती लिहिली नाही, तर ते कायम टेस्टिंगच्याच मागे जातं. त्याच्या डिपेंडन्सीही (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) टेस्टिंगमधल्या लागल्या, तर पोर्टेजने सुचवलेले बदल डोळे झाकून मंजूर करू नका. एकेक ओळ वाचा.