क्लास बंद पडला, हप्ता चालूच आहे

पुण्यात डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत आणि इकडे पिंपरी-चिंचवडमध्येही 'फुल स्टॅक', 'डेटा सायन्स', '100 टक्के जॉब गॅरंटी' अशा पाट्या लावलेल्या, कोडिंग शिकवणाऱ्या क्लासेसची रीघ लागली आहे. त्यातल्याच एकात माझे पैसे अडकले. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय नाव कळून फार उपयोगही नाही. ती पाटी कधीच उतरली, तीच माणसं आता दुसऱ्या पाटीखाली बसली आहेत. पद्धत जुनीच आहे, म्हणून तीच सांगतो.

मी तासगावकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात लागलो. पगार बेताचा, पण पीएफ नियमित कापला जायचा. हे पीएफचं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. रूमवरची दोन पोरं आयटीतली, त्यांचा पगार आणि माझा पगार यात जमीन-अस्मानाचा फरक. आपणही कोडिंग शिकावं असं वाटण्यात नवल ते काय?

डेमो लेक्चर फुकट होतं आणि खरंच चांगलं झालं. ते संपल्या संपल्या काउन्सेलर मॅडमच्या केबिनमध्ये बसवलं. "फी नव्वद हजार, पण एकदम भरायची गरजच नाही सर. नो कॉस्ट ईएमआय, महिना साडेसात हजार, वर्षभर. तोवर तुम्ही जॉबला लागलेले असाल." कर्जाचा विषयच निघाला नाही. मग माझा फोन त्यांनी स्वतःच्याच हातात घेतला. आधार, पॅन, सेल्फी. "ओटीपी आला का? पटकन सांगा, ऑफर आजचीच आहे." स्क्रीनवर लांबलचक करार उघडला होता. तो त्यांनी अंगठ्याने सर्रकन वर सरकवला आणि तळाशी टिक केली. माझा पगार पुरत नाही म्हणून सहअर्जदार लागेल असं निघालं, तेव्हा लगोलग गावाकडे अण्णांना फोन लावून त्यांचाही ओटीपी घेतला. अण्णांना वाटलं, पोराची फी भरली. रात्री एका फायनान्स कंपनीचा एसएमएस आला, त्यात माझा कर्ज खाते क्रमांक होता.

सगळी गोम इथेच आहे. तुम्ही हप्ते क्लासला देत नाही. फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज मंजूर करते, आपलं व्याज आधीच कापून घेते आणि उरलेली रक्कम एकरकमी क्लासच्या खात्यात टाकते. क्लासचा हिशेब सुरुवातीलाच मिटलेला असतो. पुढे त्यांनी शिकवलं काय, नाही शिकवलं काय, त्यांचं काहीच अडत नाही. तुमच्या बँक खात्यावर मात्र ई-मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, बसलेलं असतं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातातच.

शिकवणी सुरू झाली तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारे एक सर शनिवार-रविवारी यायचे. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्यासोबतचं स्प्रिंग बूट, अगदी मन लावून शिकवायचे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचंच मानधन थकलं होतं असं नंतर कळलं. ते सोडून गेल्यावर दोन बॅचेस एकत्र केल्या आणि मग लेक्चरऐवजी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावायला लागले. वेबसाइटचा दिसणारा भाग बनवायचं रिॲक्ट आमच्याकडे प्रोजेक्टरवरच झालं, समोर माणूस नाही.

रिसेप्शनच्या भिंतीवर नोकरी लागलेल्यांचे फोटो होते, खाली कंपन्यांचे लोगो. त्यातल्या एकाला मी लिंक्डइनवर शोधून मेसेज केला. तो म्हणाला, "मला कॉलेजच्या कॅम्पसमधून लागली. त्यांच्याकडे मी फक्त ॲप्टिट्यूडचा क्रॅश कोर्स केला होता." हे प्रकरण आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत लॅम्बडा स्कूल म्हणून गाजलेल्या आणि पुढे ब्लूमटेक झालेल्या बूटकॅम्पवर, म्हणजे अशाच कोडिंग क्लासवर, तिथल्या सरकारी ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने एप्रिल 2024 मध्ये कारवाई केली. जाहिरातीत 71 ते 86 टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते असं छापलेलं, आत त्यांच्याच नोंदींत आकडा 50 च्या आसपास, काही बॅचेसचा तर 30 पर्यंत खाली. तिथेही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की हे कर्ज नाहीच. सातासमुद्रापार असूनही पाठ तोच!

आता गॅरंटीचं काय झालं ते. करार मी ईमेलवरून नंतर शोधून काढला. त्यात 'जॉब गॅरंटी' कुठेच नाही, 'प्लेसमेंट असिस्टन्स' आहे. हजेरी 80 टक्के हवी, सगळ्या असाइनमेंट वेळेत हव्यात आणि तीन मुलाखती नाकारल्या की संस्थेची जबाबदारी संपली. मला पहिली मुलाखत दिली बाणेरच्या एका कॉल सेंटरची, रात्रपाळी. मी म्हटलं, मी डेव्हलपरचा कोर्स केलाय. लगेच ती 'नाकारली' म्हणून नोंदली गेली. दुसरी विमा विकण्याची.

त्यानंतर प्लेसमेंटवाल्याने दार लावून घेतलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "भावा, फ्रेशरला मार्केटच नाही. तुझा अडीच वर्षांचा एक्सपिरियन्स दाखवू." त्याच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडी होती. कंपन्यांची नावं, पत्ते, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, पुढे विद्यार्थ्यांची नावं. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर, सगळं तयार. वीस हजार वेगळे. मी विचारलं, "आणि पीएफ?" तो म्हणाला, "छोटी कंपनी होती, कापत नव्हते म्हणायचं."

पण माझा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, चालू होता. ज्या महिन्यांत हा मला हिंजवडीत जावा डेव्हलपर दाखवणार होता, नेमक्या त्याच महिन्यांत चाकणच्या कंपनीचा पीएफ माझ्या खात्यात जमा झालेला. कुठलीही बरी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनची सर्व्हिस हिस्टरी बघते. आमच्या बॅचचा एक जण याच मार्गाने लागला आणि पडताळणीत पकडला गेला. नोकरी गेली ती गेलीच, वर बनावट कागद देणं हा फौजदारी गुन्हा. क्लासवाले नामानिराळे, कारण त्या कागदांवर सही उमेदवाराची असते. मी नको म्हटलं. तीच माझी तिसरी 'नाकारलेली' मुलाखत ठरली.

पुढच्या महिन्यात क्लासला कुलूप. मी मँडेट बंद करायला बँकेत गेलो. ते बंद होतं, पण कर्ज काही त्यामुळे मिटत नाही. उलट दंड लागतो आणि सिबिल बिघडतो. वसुलीवाल्याचा फोन अण्णांना रात्री साडेनऊला आला, तोही गावातल्या कुणाकुणाची नावं घेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात. ते मी लेखी कळवल्यावर रात्रीचे फोन थांबले.

ज्यांच्या हातात आत्ता असा फॉर्म आहे त्यांनी आधी फायनान्स कंपनीचं नाव विचारावं आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहावं. डिजिटल कर्जाच्या सप्टेंबर 2022 च्या नियमांपासून कर्ज देण्याआधी मुख्य तथ्य पत्रक देणं सक्तीचं आहे. त्यात वर्षाचा खरा व्याजदर असतो आणि कर्ज दंडाशिवाय परत करण्याची मुदतही असते. ही मुदत फार थोडी असते, म्हणून पहिल्या रात्री एसएमएस आला की तेव्हाच हालचाल करावी लागते. फोन मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, कितीही गोड बोलले तरी. आणि भिंतीवरचे फोटो सोडून, वर्षभरापूर्वी कोर्स केलेली माणसं स्वतः शोधून त्यांच्याशी बोला.

आधीच अडकलेल्यांनी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक 14448. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. जाहिरातीचा फोटो असेल तर तो जोडायलाच हवा. माझ्याकडे पाटीचा फोटो नव्हता, बॅचमधल्या एकीकडे निघाला, तोही तिच्या वाढदिवसाच्या सेल्फीत मागे आलेला.

आम्ही काही जण मिळून एकत्रच तक्रार करतो आहोत. सारखीच तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने तसं करता येतं. आमच्या बॅचचं कुणी हे वाचत असेल तर करार, पावती, कर्जाचं स्टेटमेंट आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, मेसेज त्यातच आहेत.